कर्ज फेडायचंय, पण घरातली मजाही सोडायची नाही. तुम्ही कसं जमवता?

ऋतुगंधा
नमस्कार मंडळी. आमच्या डोक्यावर सध्या तीन कर्जं आहेत. एक गृहकर्ज, एक सासूबाईंच्या आजारपणात काढलेलं वैयक्तिक कर्ज आणि त्याच वेळी वाढलेली क्रेडिट कार्डाची बाकी. दोघांच्या मिळून येणाऱ्या पगारातला साधारण ४० टक्के भाग हप्त्यांत जातो. हप्ता आजवर चुकलेला नाही आणि चुकणारही नाही, त्यामुळे 'फिटेल का' असा माझा प्रश्न नाही.

प्रश्न मधल्या काळाचा आहे. मुलगी १२ वर्षांची आहे, मुलगा ९ वर्षांचा. नवऱ्याचं म्हणणं, सगळं बंद करू, एकदा मोकळे होऊ, मग काय हवं ते करू. मला वाटतं, तोवर मुलगी आमच्याबरोबर कुठे यायला तयार असेल का? मला त्याचंही पटतं आणि माझंही पटतं, म्हणून हा विषय रोज निघतो आणि रोज अर्धवट सुटतो.

तुम्ही कर्ज फेडताना मौजेसाठी वेगळे पैसे ठेवलेत का? किती? कोण ठरवतं? आणि मुलांना यातलं किती सांगता?

उनाड
वाचतोय. आमच्याकडेही हाच विषय आहे, फक्त बाजू उलट. बायको 'बंद करू' म्हणते, मी 'जगू दे' म्हणतो.

जुनाजाणता
ऋतुगंधाताई, मी तुमच्या यजमानांच्या बाजूचा. राग मानू नका. गृहकर्जाचं सोडा, ते चालू राहील. पण कार्डाची बाकी आहे तोवर मौजेचा प्रत्येक पैसा तुम्ही त्या दराने उसना आणलेला असतो. महिन्याला ३ टक्के दर धरला, तर काहीच न भरता ठेवलेली बाकी दोन वर्षांच्या आत दुप्पट होते. अशा वेळी सहल कसली करायची? पूर्वीची माणसं 'ऋण काढून सण करू नये' म्हणायची ते उगाच नाही. आधी कार्ड शून्यावर आणा, मग बोलू.

सावली
काका, तुमचा हिशेब बरोबर आहे, पण त्या हिशेबात घरातली माणसं कुठेच नाहीत.

माझ्या माहेरी बाबांनी अगदी असंच केलं होतं. भावाबरोबरचा व्यवसाय बुडाला, देणं अंगावर आलं, आणि बाबांनी ठरवलं की फिटेपर्यंत घरात एक पैसाही वायफळ जाणार नाही. फेडलं त्यांनी, सगळं फेडलं, आणि मला त्यांचा अभिमान आहे. पण त्या वर्षांत आम्ही बहिणींनी काही मागणंच सोडून दिलं. शाळेतून सहलीचं पत्रक आलं की मी ते दप्तरातच ठेवायची, घरी दाखवायचीच नाही. पुढे देणं संपलं, हातात पैसा आला, तरी बाबांना खर्च करता येईना. आईला एक साडी घ्यायची म्हटलं तरी ते दुकानाच्या दाराशी थांबायचे, आत यायचे नाहीत. 'मोकळे झालो की मग' म्हणतात ना, त्या 'मग'ची सवयच त्यांच्यात उरली नव्हती.

म्हणून ऋतुगंधा, सगळं बंद करू नकोस. कमी कर, अगदी कमी कर, पण बंद नको.

पानगळ
सावली, पत्रकाचं वाचून गलबलून आलं.

ऋतुगंधा
सावली, हीच भीती आहे गं मला. मुलगी आताशा काही मागायच्या आधी माझ्या तोंडाकडे बघते.

हिशेबी
दोन्ही बाजू खऱ्या आहेत, कारण आपण दोन वेगळ्या कर्जांबद्दल एकाच दमात बोलतोय. ती आधी वेगळी करू.

पहिला प्रकार महाग आणि छोट्या कर्जाचा. कार्ड, अडचण गळ्याशी आल्यावर घेतलेलं बिनतारणी कर्ज वगैरे. इथे जुनाजाणता म्हणतात ते खरं आहे. समजा कार्डावर १,००,००० बाकी आहे, दर महिन्याला ३ टक्के, आणि किमान भरणा बाकीच्या ५ टक्के. पहिल्या महिन्यात तुम्ही ५,००० भरता, त्यातले ३,००० व्याजात जातात, मुद्दल फक्त २,००० ने उतरतं. पुढच्या महिन्यात बाकी थोडी कमी, म्हणून किमान रक्कमही थोडी कमी, आणि तुम्ही तेवढीच भरता. एकही नवी खरेदी केली नाही तरी बाकी निम्म्यावर यायला जवळजवळ तीन वर्षं लागतात. तेच तुम्ही ठरवलंत की किमान रक्कम कितीही खाली येवो, मी दर महिन्याला ५,०००च भरणार, तर ३१ महिन्यांत कर्ज पूर्ण फिटतं. पहिल्या महिन्यात खिशातून जाणारी रक्कम तीच आहे. फरक एवढाच की ती खाली येऊ दिली नाही. ताई, तुमच्या कार्डाचं फक्त एवढं जरी आज केलंत तरी धागा सार्थकी लागला म्हणेन.

दुसरा प्रकार लांब आणि स्वस्त कर्जाचा, म्हणजे गृहकर्ज. ९ टक्के दराने २० वर्षांचं कर्ज असेल तर १,००,००० मागे महिन्याला साधारण ९०० हप्ता बसतो आणि पहिल्या हप्त्यातले ७५० व्याजाचे असतात. वर्षातून एक हप्ता जास्तीचा भरत गेलं तर साडेतीन वर्षांच्या आसपास मुदत कमी होते. हे छानच आहे. पण २० वर्षं कुणी श्वास रोखून जगू शकत नाही. या कर्जासोबत राहायचं असतं, त्याच्यासाठी घर बंद ठेवायचं नसतं.

तेव्हा माझं मत: महाग कर्जासाठी कडक पण तारीख ठरलेली मोहीम. स्वस्त कर्जासाठी साधं, नेहमीचं आयुष्य, आणि अधूनमधून जास्तीचा हप्ता.

जुनाजाणता
हिशेबी, मोहिमेला तारीख हवी हे एकदम मान्य. मी 'शून्यावर आणा' म्हणालो, कधीपर्यंत ते म्हणालो नाही. सावली, तुझ्या बाबांकडे तारीख नव्हती असं मला वाटतं. शेवट दिसत नसेल तर माणूस आत मिटत जातो.

सावली
काका, खरंय. आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं की किती राहिलंय.

अवखळ
एक शंका. मोठ्या व्याजाचं आधी फेडायचं हे गणिताने बरोबर. पण माझ्याकडे चार-पाच बारीकसारीक देणी आहेत. त्यातली दोन तर मित्रांकडचे हातउसने, बिनव्याजी. ती आधी संपवावीशी वाटतात. चूक का?

टिपकागद
चूक नाही, मानवी स्वभाव आहे, आणि यावर बराच अभ्यास झालाय. २०११ साली आलेल्या एका संशोधनात डॅन अरायली आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की माणसं जास्त व्याजाचं मोठं कर्ज बाजूला ठेवून आधी छोटी खाती बंद करतात, आणि त्यात पैशाचं नुकसान होतं. पुढच्याच वर्षी डेव्हिड गाल आणि ब्लेक मॅकशेन यांनी कर्जातून बाहेर पडू पाहणाऱ्या लोकांची खरी आकडेवारी तपासली. त्यांना दिसलं की ज्यांची जास्त खाती बंद झाली, ते पूर्ण कर्जमुक्त होण्याची शक्यता जास्त. खातं बंद झाल्याने हुरूप येतो आणि माणूस टिकून राहतो.

मी दोन्हीची सांगड घालते. दरांत मोठी तफावत असेल तर आधी जास्त व्याजाचं. दर जवळपास सारखे असतील तर आधी छोटं. आणि हातउसन्यांचं गणित व्याजावर करू नये. तिथे व्याज पैशात लागत नाही, मैत्रीत लागतं. थोडे थोडे का होईना, देत राहा आणि मित्राला कधीपर्यंत देणार ते स्वतःहून सांगा.

अवखळ
शेवटचं वाक्य लिहून ठेवलं. धन्यवाद टिपकागदताई.

टिपकागद
आता मूळ प्रश्नाकडे. मुलांना किती सांगायचं?

आम्ही कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चौकटींचा एक मोठा कागद चिकटवलाय. एक हप्ता म्हणजे एक चौकट. रक्कम कुठेच लिहिलेली नाही. हप्ता गेला की लेक एक चौकट रंगवते. सुरुवातीला नुसती रंगवायची. मग तिने एक चौकट रंगवताना तिला कान आणि शेपूट काढलं, आणि तेव्हापासून प्रत्येक चौकटीत एक मांजर असतं. झोपलेलं मांजर, छत्री घेतलेलं मांजर, चष्म्यातलं मांजर. ज्या महिन्यात जास्तीचा हप्ता भरतो त्या महिन्यात दोन मांजरं एका चौकटीतून दुसरीत हात धरून उभी असतात. कर्जाचा हप्ता ही आमच्याकडे मुलांनी आठवण करून द्यायची गोष्ट झालीये: "आई, आज मांजराचा दिवस ना?"

तिला कर्ज कळतं का? तिच्यापुरतं कळतं. आपण कुणाचे तरी पैसे परत देतोय, दर महिन्याला थोडे, आणि ते संपत चाललेत.

उनाड
मांजराचा दिवस! हे आमच्याकडे उद्यापासून सुरू. फक्त मुलाचं डायनासोरवर प्रेम आहे, त्यामुळे गृहकर्ज संपेपर्यंत घरात जुरासिक काळ नांदणार.

पानगळ
माझा भाचा मागे विचारत होता, "व्याजाला रविवारची सुट्टी नसते?" कुणीतरी उत्तर द्या त्याला.

हिशेबी
नसते. म्हणूनच बोनस आला की रविवारची वाट न बघता भरावा.

कानामात्रा
थोडा वेगळा सूर लावते. मुलांना सांगावं, पण सांगताना आपला आवाज कसा आहे ते बघावं. माझ्या नणंदेच्या मुलाने घरात चाललेलं अर्धंमुर्धं ऐकलं आणि त्याच्या मनाने घेतलं की आपलं घर जाणार. कित्येक रात्री तो झोपेना. शेवटी कळलं तेव्हा त्याला शांतपणे तीन गोष्टी सांगाव्या लागल्या: घर कुठेही जात नाहीये, शाळा बदलणार नाहीये, आणि पैशाचं बघणं हे मोठ्यांचं काम आहे, तुझं नाही. लपवलेलं मुलांना कळतंच, फक्त आहे त्याहून मोठं होऊन कळतं. म्हणून टिपकागदसारखं खुलेपणाने आणि हसतखेळत सांगणं चांगलं. रकमा मात्र नकोत.

जुनाजाणता
इथे मी जरा वेगळा. १२ वर्षांच्या मुलीला रक्कमही सांगावी. तिला टक्केवारी येते, चक्रवाढ व्याज आज ना उद्या शाळेत शिकेलच. घरच्या खऱ्या आकड्यांवर शिकली तर जन्मभर विसरणार नाही. ९ वर्षांच्याला कानामात्रा म्हणते तेवढंच पुरे.

कानामात्रा
काका, मुलीच्या स्वभावावर आहे. ऋतुगंधाची लेक आधीच तोंडाकडे बघून मागते म्हणाली ना? अशा मुलीला आकडा सांगितला तर ती आणखी मिटेल. तिला आधी 'माग' म्हणून सांगायला हवं. हो-नाही आपण ठरवू.

जुनाजाणता
हे पटलं. मागे घेतो.

मितवा
आमचं उत्पन्न ठरलेलं नसतं. एखाद्या महिन्यात भरपूर, मग दोन महिने हात आखडता. आमच्यासारख्यांनी मौजेचे पैसे कसे काढायचे? टक्केवारी सांगतात सगळे, पण कशाची टक्केवारी?

हिशेबी
मितवा, गेल्या वर्षभरातला सगळ्यात कमी कमाईचा महिना घ्या. घरखर्च आणि हप्ते त्यात बसवा. त्याच्या वर जे येईल ते तिथल्या तिथे तीन वाटे करून टाका: मोठा वाटा कर्जाला, एक वाटा अडीअडचणीच्या पैशांत, छोटा वाटा मौजेला. वाटे आधी ठरलेले असले की पैसे आल्यावर वाद होत नाही. आणि कर्ज असतानाही थोडी गंगाजळी हवीच. ती नसेल तर गाडी बिघडली, दाढ दुखली की परत कार्डच पुढे येतं आणि इतक्या महिन्यांचं केलेलं वाहून जातं.

सावली
मौजेचं आमच्याकडे पाकीट आहे. खरंखुरं कागदी पाकीट. पगार झाला की हप्त्यांच्या पाठोपाठ त्यात पैसे जातात, महिनाअखेरीला उरले तर नाही. हे महत्त्वाचं, कारण उरत कधीच नाहीत. रक्कम हप्त्यांच्या मानाने अगदी लहान आहे. पण ती खर्च करताना कुणीही कुणाला 'गरज होती का?' असं विचारायचं नाही, हा घरातला नियम. कशावर खर्च करायचे ते आळीपाळीने ठरतं. मुलाच्या पाळीला त्याने तीन महिने पाकीट साठवून सगळ्यांना बोटीतून फिरवलं. माझ्या पाळीला मी एकटीनेच नाटक बघून आले. त्यावर कुणी काही बोललं नाही!

ऋतुगंधा
'गरज होती का?' हा प्रश्न आमच्याकडे दिवसातून चारदा येतो. पाकीट आवडलं.

पानगळ
अवांतर: बिनपैशाच्या गोष्टींची यादी करूया का? आमच्याकडे रात्री सगळे दिवे घालवून बॅटरीच्या उजेडात कुणीतरी पुस्तक मोठ्याने वाचतं. बॅटरी धरायचा मान रोज बदलतो.

उनाड
पत्ते. हरणाऱ्याने भांडी घासायची. आमच्याकडे आजी कधीच भांडी घासत नाही, आता समजून घ्या.

मितवा
वाचनालय, पहाटेचं चालणं, शेजाऱ्यांच्या मुलांसकट क्रिकेट. आणि चंद्रग्रहण असलं की उठवून दाखवतो. त्यासाठी ना दुर्बीण लागते ना चष्मा.

कानामात्रा
यादी छान आहे, पण एक सांगते. फुकटच्याच गोष्टी करत राहिलं की मुलांना तेही समजतं. अधूनमधून एखादी विकतची मजा हवी, तीही मोजूनमापून नाही, मनसोक्त. सावलीचं पाकीट म्हणूनच मला यादीपेक्षा जास्त पटलं.

धुकं
इथे पहिल्यांदाच लिहितोय. माझ्या बायकोला माझ्या एका कर्जाबद्दल माहीत नाही. हप्ते मी माझ्या खात्यातून भरतो, व्यवस्थित चालू आहेत. हा धागा वाचून वाटलं, हे सगळं आधी दोघांना माहीत असलं तरच होतं. कसं सांगू?

जुनाजाणता
धुकं, लिहिलंत हे फार चांगलं केलंत. सांगताना पुरावा हातात ठेवा: मूळ रक्कम, आजची बाकी, दर, शेवटचा हप्ता कधी. अर्धं आज, अर्धं नंतर असं करू नका. दुसऱ्यांदा कळलेलं जास्त लागतं.

सावली
आणि मुलं झोपल्यावर सांगा, कुठे जायच्या गडबडीत नको. ती रागावेल, रागावू द्या. त्याच रात्री मार्ग निघायलाच हवा असं नाही. माझी आई म्हणायची, पैसे गेल्याचं दुःख नव्हतं, एकटीला वगळल्याचं होतं.

धुकं
सगळ्यांचे आभार. कागद काढून ठेवलेत.

अवखळ
मला बँकेतून फोन येतोय की सगळी देणी एकत्र करून एकच कर्ज घ्या, दर कमी, हप्ता निम्म्याहून कमी. घ्यावं का? हातात पैसे राहतील, घरात जरा मोकळेपणा येईल.

हिशेबी
हप्ता बघू नका, एकूण व्याज बघा. १,००,००० कर्ज २४ टक्क्यांनी दोन वर्षांत फेडलं तर हप्ता सुमारे ५,२९० आणि एकूण व्याज २६,९०० च्या आसपास. तेच १४ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता २,३३० च्या आसपास, पण एकूण व्याज ३९,६०० च्या घरात. दर कमी होऊनही तुम्ही जास्त देता, कारण मुदत लांबली. घ्यायचंच तर कमी दराने घ्या आणि हप्ता मात्र आधी भरत होतात तेवढाच भरत राहा. मुदतीआधी फेडल्यास दंड आहे का, हे सही करायच्या आधी विचारा.

आणखी एक. दर 'सपाट' आहे की घटत्या शिलकीवर, हे नक्की विचारा. तीन वर्षांसाठी सपाट १० टक्के म्हणजे घटत्या शिलकीच्या हिशेबाने जवळपास १८ टक्के होतात, कारण तुम्ही फेडलेल्या मुद्दलावरही ते शेवटपर्यंत व्याज धरतात.

अवखळ
१० म्हणजे १८? मला 'सपाट'च सांगितलं होतं. उद्याच विचारतो.

ऋतुगंधा
मंडळी, काल रात्री हा धागा नवऱ्याला वाचायला दिला. सावलीचा पहिला प्रतिसाद त्याने दोनदा वाचला. मग आम्ही दोघं कागद घेऊन बसलो.

ठरलं ते असं. कार्डावर नवी खरेदी बंद आणि आज भरतोय तीच रक्कम शेवटपर्यंत भरायची. तिच्यात वर्षाच्या बोनसचा मोठा वाटा घातला तर कार्ड पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात संपतं. तोपर्यंत मोठी सहल नाही, हे त्याचं म्हणणं मी मान्य केलं. वैयक्तिक कर्जावर त्यानंतर जोर. गृहकर्जाचं ठरल्याप्रमाणे चालू राहील. आणि पाकीट या महिन्यापासून सुरू, तेही हप्त्यांच्या पाठोपाठ, उरल्यावर नाही. हे त्याने मान्य केलं.

मुलांना आज सकाळी सांगितलं. धाकट्याने चौकटीत काय काढायचं ते लगेच ठरवलं: रणगाडे. थोरली गप्प होती. मग तिला म्हटलं, पाकिटाची पहिली पाळी तुझी. तिने विचारलं, "नक्की? काहीही चालेल?" अजून सांगितलेलं नाही तिने काय ते. विचार करतेय.

जुनाजाणता
वा. यजमानांना माझा नमस्कार सांगा.

टिपकागद
रणगाडे चालतील. मे महिन्याची चौकट मोठी आखा.

ऋतुगंधा
एक राहिलं. कार्ड शून्यावर आलं की लगेच बंद करावं की ठेवावं? आणि कर्ज संपल्यावर काही कागद घ्यावे लागतात का?

हिशेबी
शून्य दिसलं तरी पुढच्या महिन्याचं विवरण येईपर्यंत थांबा. शेवटच्या भरण्यापर्यंतचं काही दिवसांचं व्याज बहुतेक वेळा त्यात येतं. तेही भरा. मग हाताशी असलं की मोह होतो असं वाटत असेल तर बंद करा, नाहीतर पूर्ण बाकी वेळच्या वेळी भरत वापरा. वैयक्तिक कर्ज संपलं की देणं उरलं नाही असं लेखी पत्र मागून घ्या, आणि महिना-दोन महिन्यांनी तुमच्या पतनोंदीत (क्रेडिट रिपोर्टमध्ये) ते खातं 'बंद' दिसतंय का ते बघा. गृहकर्जाच्या वेळी या पत्राबरोबर घराची मूळ कागदपत्रंही परत मोजून घ्यायची असतात, म्हणून कर्ज घेताना काय काय जमा केलं होतं त्याची यादी आत्ताच शोधून ठेवा.